रणभूमीवर शिल्पस्मारक उभारताना : असईच्या मैदानावर केलेली आखणी

गावातली मंडळी स्मारकाचा विषय घेऊन येतात तेव्हा मोबाइलमध्ये एक फोटो आधीच तयार असतो. अश्वारूढ पुतळा, घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत, हातात उपसलेली तलवार. "अस्साच पाहिजे, फक्त शेजारच्या गावापेक्षा दोन फूट उंच." त्यांची भावना खरी असते, वर्गणीही बऱ्यापैकी जमलेली असते. तरीही पहिल्या भेटीत मी त्यांना एवढंच म्हणतो, की पुतळ्याचं नंतर बघू, आधी मला ती जागा पायी फिरवून दाखवा.

चौकातल्या पुतळ्याला भोवतालाशी फारसं देणंघेणं नसतं. रणभूमीवर तसं नाही. जिच्यामुळे लढाई जिंकली किंवा हरली गेली ती नदी, तो चढ, ती खिंड अजून जागेवर असते. तिथे खरं शिल्प म्हणजे ती जमीनच. आपण जे घडवणार ते लोकांना ती जमीन दिसावी म्हणून. हे एकदा मनात पक्कं बसलं की उंची किती, दगड कुठला, तोंड कुठल्या दिशेला, या प्रश्नांची उत्तरं आपोआप सापडत जातात.

नुसत्या सूचना देत बसण्यापेक्षा एक खरं मैदान समोर ठेवून सांगतो. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला असई नावाचं लहानसं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा एका बाजूला आणि ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. खाली सांगितलेली आखणी माझी आहे. तुमच्या गावच्या मैदानाला ती जशीच्या तशी लागू होणार नाही, पण विचार करायची रीत तीच राहील.

आधी जमीन वाचा

असईला केळणा नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. उत्तरेकडून जुई येते आणि गावाच्या पूर्वेला केळणेला मिळते. दोन नद्यांच्या मधे जिभेसारखा निमुळता होत गेलेला पट्टा आहे. मराठ्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय धर्तीवर शिकवलेल्या पायदळाच्या तुकड्या, केळणेच्या उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड करून उभे होते. समोर नदी, तिच्यावर रोखलेल्या शंभराच्या आसपास तोफा. या बाजूने कोणी अंगावर आलं असतं तर पाण्यातच संपलं असतं.

वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं, की पुढे नदीला उतार, म्हणजे पायी पलीकडे जाण्याजोगी जागा, नाही. पण त्याला केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. दोन गावं अशी एकमेकांसमोर आहेत म्हणजे मधून माणसांची, गुरांची ये-जा असणार आणि उतारही असणारच, हे त्याने ताडलं. तिथून तो पलीकडे गेला आणि पट्ट्याच्या पूर्वेकडच्या निमुळत्या भागात उतरला. मराठी पायदळाचा सेनानी पोलमन हा जर्मन. त्याने हे पाहून सगळी फळी काटकोनात फिरवली. आता फळीचं तोंड पूर्वेला, उजवी बाजू केळणेला टेकलेली आणि डावी असई गावाला. तोफांसकट हजारो माणसांची रांग शत्रूच्या डोळ्यांदेखत अशी फिरवणं हे कसलेल्या कवायतीशिवाय होत नाही.

एवढी हकिकत पुस्तकातून कळते. पण शिल्पकाराला त्यापुढे जाऊन स्वतःच्या पायांनी ती तपासावी लागते. माझ्या फेऱ्या ठरलेल्या असतात. एक फेरी लढाईच्या महिन्यात आणि लढाईच्याच वेळी. असईची लढाई दुपारी उशिरा पेटली, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी तीन वाजता तिथे उभं राहायचं. तेव्हा लक्षात येतं, की हल्ला करणारे पश्चिमेकडे चालत होते आणि सूर्यही पश्चिमेला कलला होता. दुसरी फेरी मे महिन्यात. पिकं निघालेली, रान उघडं. सप्टेंबरात डोक्याइतक्या वाढलेल्या मक्यात जो उंचवटा दिसत नाही तो उन्हाळ्यात स्पष्ट दिसतो. तिसरी फेरी पावसाळ्यात, पाणी कुठे तुंबतं ते बघायला. ही फेरी सगळे टाळतात आणि नंतर पस्तावतात.

सोबत भूमापनाचा नकाशा असू द्या, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा. दोनशे वर्षांत नदी पात्र बदलते, ओढे बुजवले जातात, बांध सरकतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना शिवारांची नावं विचारा. लढाईच्या आठवणी पुष्कळदा इतिहासापेक्षा शेताच्या नावात टिकून असतात. कोणाच्या नांगराला गोळा लागलेला असतो, कोणाच्या देव्हाऱ्यात तो पुजलेला असतो. बघा, फोटो घ्या, कुठे सापडला ते नकाशावर टिपून ठेवा. स्वतः मात्र खणू नका आणि धातुशोधक यंत्र घेऊन फिरू नका. वस्तू जागेवरून हलली की तिने सांगायची निम्मी गोष्ट गेली. शिवाय अशा सापडलेल्या वस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं कायद्याने बंधनकारक आहे.

काय आठवायचं ते एका वाक्यात लिहा

समितीच्या बैठकीत फळ्यावर एकच वाक्य लिहायला लावा: हे स्मारक कोणाचं आणि त्यांच्या कोणत्या कृतीचं? "आपल्या पूर्वजांच्या शौर्याचं" हे उत्तर चालणार नाही. ते कुठल्याही गावात चालेल.

असईपुरतं माझं उत्तर ठरलेलं आहे: तोफा टाकून न गेलेल्या गोलंदाजांचं, म्हणजे तोफ चालवणाऱ्यांचं.

त्या दुपारी मराठ्यांच्या तोफांनी कंपनीच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज असे टिपले, की वेलस्लीला आपल्या तोफा मागे टाकून संगिनींनिशी चालून जावं लागलं. कंपनीचं पायदळ तोफांच्या रांगेवर येऊन आदळलं, मराठ्यांच्या पायदळाची फळी मोडली, पण गोलंदाज तोफांजवळच कापले गेले. आणि मग ती गोष्ट घडली जी ऐकल्यावर मला झोप लागेना. मेल्यासारखे तोफांखाली पडून राहिलेले काही गोलंदाज उठले, शत्रू पुढे गेल्यावर त्यांनी तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला उलट फिरून त्याच तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या.

आता नावांचा प्रश्न. कंपनीच्या बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४, ही संख्या पलटणवार नोंदलेली आहे. मराठ्यांच्या बाजूचा आकडा गोल आहे. रणात १,२०० मृत आणि एकूण हानी सहा हजारांच्या घरात, तोही शत्रूने केलेला अंदाज. गोलंदाजांची नावं नाहीत. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या हे मात्र मोजून ठेवलेलं आहे. तोफा मोजल्या गेल्या, तोफांजवळची माणसं नाहीत. स्मारकाने भरून काढायची उणीव ही आहे.

इथे एक अवघड गोष्ट समितीसमोर स्पष्ट बोलून घ्यावी. समोरून चालून आलेल्यांत स्कॉटलंडच्या दोन पलटणी होत्या, तशाच मद्रास इलाख्यातल्या देशी शिपायांच्या पलटणीही होत्या. तेही इथल्याच मातीत पडले. गोलंदाजांचं स्मारक करताना त्यांना पायदळी तुडवलेलं दाखवू नये, असं माझं ठाम मत आहे. घोड्याच्या टापेखाली चिरडलेला शत्रू ही कल्पना जुनी आहे आणि रणभूमीवर ती फार हलकी वाटते. जिथे सगळेच मेले तिथे कोणाला कोणाच्या पायाखाली टाकायचं?

जागेतली जागा

स्मारक लढाईच्या ऐन ठिकाणी बांधायचा मोह आवरा. ती जागा मोकळी ठेवायची असते. तिच्या काठावर, जिथून ती पूर्ण दिसेल अशा ठिकाणी स्मारक बसवायचं. द्रासचं कारगिल युद्धस्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी आहे. शहिदांच्या नावांच्या भिंतीसमोर उभं राहून मान वर केली की ज्या डोंगरासाठी ते लढले तो समोर दिसतो. त्या डोंगराइतकं मोठं शिल्प कोणालाच घडवता येणार नाही, आणि तिथे कोणी तसा प्रयत्न केलेला नाही म्हणून ते स्मारक मनाला भिडतं.

फ्रान्समधल्या विमीच्या टेकडीवर कॅनडाने उभारलेलं स्मारकही बघण्यासारखं आहे. १९१७ साली कॅनडाच्या फौजेने ती टेकडी घेतली. वॉल्टर ऑलवर्ड या शिल्पकाराचं स्मारक १९३६ मध्ये टेकडीच्या सर्वांत उंच जागी उघडण्यात आलं. टेकडी घेण्याचा अर्थच तिथून दिसणारं लांबवरचं मैदान ताब्यात घेणं हा होता, म्हणून तिथे उंची शोभते. असईला टेकडी नाही. सपाट पट्टीवर तीस फुटांचा खांब उभा केला तर नद्यांचं ते नाजूक वळण, ज्याच्यावर सगळी लढाई अवलंबून होती, त्याच्यापुढे फिकं पडेल. म्हणून असईला मी आडवं, जमिनीलगत स्मारक करीन.

नकाशावर नजररेषा आखा. पाहुणा जिथे उभा राहील त्या बिंदूपासून नदी, गाव आणि उताराची जागा या तिन्हींकडे सरळ रेषा ओढा. या रेषांत स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, कमान, विजेचा खांब यांतलं काहीही येता कामा नये. पुढे कधी तरी कोणी तरी नेमकं तिथेच काही तरी बांधतं. तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव आजच करून घ्या.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. शेतजमीन असेल तर अकृषक (बिगरशेती) वापराचा नियम तपासावा लागतो. नदीकाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा तपासाव्या लागतात. नेहमीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचारही करू नका. केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते. महाराष्ट्रात पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वेगळी. ही कामं शिल्प सुरू होण्याआधी मार्गी लावा. माती वाळू लागल्यावर कागद गोळा करत फिरणं फार वाईट.

रूप शोधताना

आपल्याकडे युद्धस्मारकाची परंपरा नाही असं कोणी म्हणालं तर त्याला जवळच्या जुन्या शिवमंदिराच्या आवारात न्या. तिथे वीरगळ सापडेल. एकाच उभ्या शिळेत खालपासून वर चढत जाणारे कप्पे असतात. तळाशी लढाई आणि वीराचा मृत्यू, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि अगदी वर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत आठवण राहील, हा त्यांचा अर्थ. पुष्कळ वीरगळांवर नावच नाही. नाव नसताना माणूस कसा आठवावा, हे आपल्या पाथरवटांनी शेकडो वर्षांपूर्वी सोडवलेलं कोडं आहे. वीरगळाची नक्कल करू नका, पण तासभर समोर बसून रेखाटन जरूर करा. एवढ्याशा कप्प्यात घोडा, ढाल, पडलेला देह कसा बसवलाय ते हाताला कळतं.

पुतळाच हवा असंही नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या नावाने इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये जे स्मारक झालं ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. परक्या गावातल्या माणसांना आपल्या माणसाची रोज आठवण द्यायला सूर्याची सावली पुरते.

असईला मी असं करीन. मैदानाच्या काठावर काळ्या दगडाच्या बुटक्या चौथऱ्यांची एक लांब रांग, प्रत्येक चौथरा एका तोफेची खूण म्हणून, सगळ्यांचं तोंड पूर्वेला. लोकांना वाट पूर्वेकडूनच द्यायची, म्हणजे ते चालून येणाऱ्या फौजेच्या दिशेने येतील. चौथरे मोकळे, फक्त मधल्या एकावर ब्राँझची तोफ आणि तीन माणसं. समोरून येताना दोघं चाकाला टेकून कोसळलेले दिसतात आणि तिसरा गाड्याखाली पालथा. पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. तो दोन चौथऱ्यांमधून पुढे जातो, आणि वाट त्याला वळवून मागे बघायला लावते. मागून दिसतं, की पालथ्या पडलेल्या माणसाचे डोळे उघडे आहेत. डावा तळवा जमिनीवर रोवलेला, मनगटाच्या शिरा ताणलेल्या, आणि छातीखाली दडवलेल्या उजव्या मुठीत तोफ फिरवायचा दोर आहे.

बस्स, एवढंच. तो अजून उठलेला नाही. उठण्याच्या आधीचा क्षण शिल्पाला पेलतो, उठल्यानंतरची धावपळ पेलत नाही.

दुपारी तीननंतर पूर्वेकडून येणाऱ्याला हा सगळा समूह उजेडाविरुद्ध काळा दिसेल, त्या दिवशी चालून येणाऱ्यांना दिसला असेल तसाच. मागून बघणाऱ्याला मात्र मावळतीचं ऊन थेट त्या उघड्या डोळ्यांवर पडलेलं दिसेल. म्हणून दिशा ठरवताना वास्तुशास्त्र नव्हे, लढाईची वेळ बघायची.

तपशिलाला सुटका नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी शिंद्यांच्या कवायती फौजेच्या तोफा युरोपीय धर्तीवर ओतलेल्या होत्या. किल्ल्यावरची जाड लोखंडी तोफ बघून ती घडवली तर चूक होईल. संग्रहालयात जाऊन त्या काळातल्या मैदानी तोफेची लांबी, तोंडाचा व्यास, चाकाची उंची, आऱ्या किती, सगळं स्वतः मोजा. दारू ठासायचा गज, बत्ती धरायची काठी, पाण्याची बादली, यांतली एकही वस्तू चित्रपट पाहून करू नका. चेहरे कोणा प्रसिद्ध सरदाराचे नकोत. त्या भागातल्या शेतात राबणाऱ्या चार माणसांना, त्यांच्या संमतीने, समोर बसवून चेहरे घडवा.

मातीकाम

पहिली प्रतिकृती हातभर, एकास दहा प्रमाणात. अशा निदान तीन करा, एकमेकींपासून खूप वेगळ्या. समितीला एकच दाखवली तर ती हो किंवा नाही एवढंच म्हणेल. तीन दाखवल्या तर बोलू लागेल. त्यातली एक निवडून एकास तीन प्रमाणात पुन्हा करा. पोशाखाच्या चुण्या आणि हातापायांचा तोल इथेच पक्का होतो. कला संचालनालयाकडे जाणारी प्रतिकृती आणि शेवटी उभं राहणारं शिल्प यांत फरक पडता कामा नये. उंची वाढवायची तर पुन्हा मान्यता आणि पुन्हा गणित.

मूळ आकाराला हात घालण्याआधी एक स्वस्तातली चाचणी जरूर करा. बांबू आणि गोणपाटाची, शिल्पाच्याच मापाची आकृती बांधून ती मैदानावर उभी करा आणि आठवडाभर तशीच ठेवा. स्टुडिओत प्रचंड वाटणारा समूह उघड्या रानात खेळण्याएवढा दिसतो. मोकळ्या आभाळाखाली माणसाची आकृती सव्वापट केली की ती साधारण माणसाएवढी वाटते. चौथरा उंच असेल तर खालून बघताना धड आखूड आणि पाय लांब दिसतात, म्हणून वरचा भाग किंचित लांबवावा लागतो. असईच्या आखणीत चौथरा गुडघ्याएवढाच आहे, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. उलट मुलं चाकावर चढतील हे गृहीत धरून आऱ्या भरीव कराव्या लागतील. मुलं चढली तर चढू द्या. ज्या शिल्पाला हात लागतात ते गावाचं होतं.

सांगाडा लोखंडी सळ्यांचा, त्यावर जाळी, त्यावर माती. मातीवर रोज ओलं फडकं आणि प्लास्टिक. मे महिन्यात एक दिवस विसरलात तर सकाळी भेग दिसेल. चेहरे आणि हात सर्वांत शेवटी, आणि शक्यतो सकाळच्या उजेडात.

धातू, दगड आणि पाणी

ब्राँझसाठी मेणाच्या साच्याची पद्धत घ्या. माणसाएवढ्या आकृतीला साधारण पाच ते सहा मिलिमीटर जाडी ठेवतात. त्याहून पातळ केली तर पैसे वाचतात आणि दहा वर्षांनी सांधे उघडतात. धातू थंड होताना शेकडा एक ते दीड आक्रसतो, तेवढं मातीतच वाढवून धरा. मिश्रधातूचं प्रमाण करारात लिहून घ्या आणि ओतलेल्या तुकड्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. आतला आधार स्टेनलेस स्टीलचा हवा. साधं लोखंड आत गंजून फुगतं आणि शिल्पाला आतून फोडतं. पोटात साचणारं पाणी निघून जायला तळाशी छिद्रं ठेवायला विसरू नका. फायबरचं शिल्प रंगवून ब्राँझ म्हणून उभं करायचा सल्ला कोणी दिला तर त्याला हात जोडून परत पाठवा.

दगडाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. दख्खनचा काळा पाषाण पाऊस, ऊन, वारा सगळं सोसतो. मात्र खाणीतून आणलेल्या प्रत्येक शिळेवर हातोडीने टकटक करून ऐका. घंटेसारखा आवाज आला तर शिळा सलग, बसका आवाज आला तर आत चीर. पाथरवट हे न सांगता करतो, पण आपणही शेजारी उभं राहावं. राजस्थानचा वालुकाश्म दिसायला देखणा, पण काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाच्या शिंतोड्यांनी त्याच्या खालच्या हातभरावर डाग चढतात.

पाणी हा शिल्पाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, हे विमीकडून शिकावं. ऑलवर्डने मनासारखा दगड मिळवायला जवळजवळ दोन वर्षं घालवली आणि शेवटी आड्रियाटिक किनाऱ्यावरच्या खाणीतला चुनखडक निवडला. दगड उत्तमच होता. पण मागच्या काँक्रीटमध्ये पाणी शिरत राहिलं, क्षार बाहेर आले आणि भिंतीवर कोरलेल्या ११,२८५ नावांपैकी पुष्कळ पुसट झाली. मोठी दुरुस्ती करून ते स्मारक २००७ मध्ये पुन्हा उघडावं लागलं. म्हणून प्रत्येक आडव्या पृष्ठभागाला उतार द्या, दगडाच्या वरच्या कडेखाली बोटभर खाच ठेवा म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, आणि दगड व काँक्रीट यांच्या मधे पाण्याला वाट ठेवा. ब्राँझवरून ओघळणारं पाणी दगडावर हिरवे डाग पाडतं, तेव्हा ते नाव कोरलेल्या बाजूला येणार नाही असं आखा.

पाया

मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. उमेदीच्या काळात मी एका चौथऱ्याचं काम मिस्त्रीच्या अंदाजावर सोडलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याचा एक कोपरा दोन बोटं खचला आणि दर्शनी फरशी तिरकी चिरली. ती चीर अजून डोळ्यांसमोर येते. काळ्या मातीत वरवरचा पाया चालत नाही. एक तर माती काढून घट्ट मुरमापर्यंत जायचं, नाही तर तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घालायचे. कुठलं, हे माती परीक्षणाच्या अहवालावरून संरचना अभियंता ठरवेल, शिल्पकार नाही.

हाच अभियंता शिल्पाच्या आतल्या सांगाड्याचंही गणित करेल: वजन, वारा, भूकंप. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा उभा राहून वर्षही झालं नव्हतं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिल्पकाराच्या पोटात गोळा आला असेल, माझ्या तरी आला. अभियंत्याची सही असलेला आराखडा हातात पडेपर्यंत कुदळ मारू नका, उद्घाटनाची तारीख कोणीही कितीही जवळची दिलेली असो. मोकळ्या रानात वीज पडण्याचा धोका असतो, तेव्हा वीजवाहक पट्टी पायातच घालून घ्या.

शिलालेख

मजकूर लहान ठेवा. असईसाठी मी लिहिलेला मसुदा असा आहे:

"२३ सप्टेंबर १८०३. या रांगेतले गोलंदाज तोफा सोडून गेले नाहीत. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत."

दुसऱ्या, खालच्या शिळेवर समोरून आलेल्या शिपायांचा उल्लेख, त्याच आकाराच्या अक्षरांत. लढाईची सविस्तर हकिकत, नकाशा, फौजांची संख्या हे सगळं वाटेच्या सुरुवातीला वेगळ्या फलकावर. देणगीदार, उद्घाटक, पदाधिकारी यांची पाटी फाटकाजवळ, शिल्पापासून लांब. या मुद्द्यावर भांडावं लागतं. भांडा.

भाषा किती, याचाही विचार करा. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक सैनिकांची आठवण आहे आणि स्तंभावरचं वचन इंग्रजी, अरबी, देवनागरी आणि गुरुमुखी अशा लिप्यांत कोरलेलं आहे. तिथे लढणारेच तेवढ्या भाषांचे होते. असईला मराठी आधी, मग इंग्रजी, आणि मद्रासच्या पलटणींसाठी तमिळ व तेलुगूत एकेक ओळ असावी असं मला वाटतं.

तीन मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षराची उंची, वरखालच्या मात्रा-उकार सोडून, किमान अडीच सेंटीमीटर हवी. काळ्या पाषाणात खोल, तिरक्या कापाचं अक्षर सावलीवर वाचलं जातं, त्याला रंग भरायची गरज नसते. शिळा मात्र अशी बसवा, की ऊन तिच्यावर बाजूने पडेल. संगणकातले सगळेच टंक दगडाला चालत नाहीत. बारीक जोडाक्षरं टाकीखाली तुटतात. पाथरवटाला आधी 'ष्ट', 'द्ध', 'र्‍य' ही अक्षरं टाकाऊ दगडावर कोरायला द्या.

आणि मुद्रितशोधन. एका गावी तिथी कोरून झाल्यावर कळलं, की मूळ कागदावरचं 'वद्य' टाइप करताना 'शुद्ध' झालं होतं. दगडातलं अक्षर खोडता येत नाही, पूर्ण शिळा बदलावी लागली. तेव्हापासून मजकूर मूळ मापात कागदावर छापून शिळेच्या जागी चिकटवतो आणि तीन वेगवेगळ्या माणसांकडून मोठ्याने वाचून घेतो. त्यांतला एक इतिहासाचा अभ्यासक असतो, एक गावातला शिक्षक, आणि एक शाळेतलं मूल. चुका मुलालाच जास्त सापडतात.

वाट, झाडं आणि पुढची वर्षं

वाट मुरमाची, दाबून बसवलेली. रंगीत पेव्हर ब्लॉक आले की रणभूमीचा बगीचा होतो. दिव्यांचे झोत नकोत. रात्री मैदान काळोखात असू द्या. झाडं नजररेषा सोडून, त्याच मातीतली: बाभूळ, कडुनिंब, पळस. पानिपतला काळा आंब्याच्या जागी जुना आंबा राहिला नाही, साधा स्तंभ आहे. तरी १४ जानेवारीला माणसं महाराष्ट्रातून तिथवर जातात. झाडाचं नाव अडीचशेहून अधिक वर्षं टिकलं. तुमच्या मैदानावर एखादं जुनं झाड उभं असेल तर त्याच्या मुळांपासून पाया लांब घ्या.

स्मारक सोपवताना ग्रामपंचायतीला एक वही द्या. तिच्यात लिहून ठेवा: वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने ब्राँझ पुसायचं, वाळल्यावर मेणाचा पातळ हात द्यायचा. ब्रासो, लिंबू, चिंच लावून चकाकवायचं नाही. दगडावर तेल, शेंदूर, ऑइलपेंट नाही. हार शिल्पाच्या गळ्यात न घालता समोरच्या सपाट शिळेवर ठेवायचे, कारण ओल्या फुलांचा रस आणि तारा धातूला खातात. मूळ साचे, आराखडे आणि अभियंत्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत तेही लिहा.

पहिल्या पावसाळ्यात, चांगला मोठा पाऊस चालू असताना, छत्री घेऊन स्वतः जा. चौथऱ्याभोवती फिरा. पाणी कुठून येतंय, कुठे थांबतंय, तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतंय का, शिलालेखावर ओघळ येतोय का, हे त्या अर्ध्या तासात जेवढं कळेल तेवढं नंतर कधी कळणार नाही. खडू बरोबर ठेवा, पाऊस थांबताच खुणा करा आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल ती दुरुस्ती झाल्यावरच मंजूर करा.